चाल कोठून मोजावी?

उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या माजघरांत जें युद्ध झालें, त्यांत दोन्ही पक्षांचे मिळून पन्नासांवर शिपाई पडले. परंतु त्यांच्याबद्दल कोणासही दुःख झालें नाहीं. दुःख झालें तें एका तोफेबद्दल, आणि तें दोन दिवस घरांत नांदलें. ती तोफ शत्रूच्या पराक्रमामुळें गेली नाहीं, पंचाच्या निवाड्यामुळें गेली. आणि तो पंच मी होतों. शाळेंत असतांना मुलांच्या भांडणांचे निवाडे मीं किती केले असतील त्याची गणती नाहीं. पण त्या वेळीं मुलें घंटा झाली कीं आपापल्या घरीं जात. येथें फिर्यादी आणि पंच एकाच पंक्तीला जेवावयास बसत होते.

हा खेळ घरांत आणला तो थोरल्या नातवानें. टेबलावर किंवा जमिनीवर बोटभर उंचीचे शिपाई मांडावयाचे, पुस्तकांच्या टेकड्या आणि ठोकळ्यांचीं घरें उभारावयाचीं, आणि पट्टीनें अगर सुतळीनें अंतर मोजून एकेक चाल करीत लढावयाचें, असें या रणक्रीडेचें स्वरूप आहे. बुद्धिबळाशीं तिचें नातें आहे हें उघड आहे. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. बुद्धिबळाच्या पटाला घरें असतात. घोडा अडीच घरें गेला कीं नाहीं यावर दोन शहाण्यांचा वाद होत नाहीं, कारण तेथें पटच पंच असतो. आपल्या देशी पद्धतींत प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर जातें, युरोपीय पद्धतींत दोन घरें जाऊं शकतें. नियम निराळे, पण ज्या घरांत बसलेले दोघेही एकच नियम मानतात तेथें शंका उरत नाहीं. रणक्रीडेंत मात्र पट नाहीं. जमीन सलग आहे. तेव्हां प्रत्येक चाल म्हणजे एक मोजणी, आणि प्रत्येक मोजणी म्हणजे नियमाच्या अर्थाचा एक नवा प्रश्न.

आमच्या मुलांनीं नियम घेतले ते एच्. जी. वेल्स यांचे. अद्भुत कादंबऱ्यांमुळें या ग्रंथकाराचें नांव आपल्याकडेही पुष्कळांस ठाऊक आहे. त्यांनीं १९११ सालीं ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ सालीं ‘लिटल वॉर्स’ अशीं दोन छोटीं पुस्तकें खेळांवर लिहिलीं. दुसऱ्या पुस्तकाच्या लांबलचक नांवांतच, हा खेळ बारा वर्षांपासून दीडशें वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं असून मुलग्यांचे खेळ आवडणाऱ्या अधिक बुद्धिमान मुलींसही चालेल, असें मिस्किलपणें सांगितलें आहे. हें मीं भाषांतर करून सांगतांच माझ्या नऊ वर्षांच्या नातीनें नाक मुरडलें, आणि लगेच आपले शिपाई मोजून घेतले.

वेल्स यांचे नियम थोडे आणि सुटसुटीत आहेत. पायदळाचा शिपाई एका चालींत एक फूट किंवा त्याहून कमी, घोडेस्वार दोन फूट किंवा त्याहून कमी. तोफ म्हणजे स्प्रिंगची खेळण्यांतली तोफ. ती खरोखरच लाकडी गोळी फेंकते, आणि गोळी लागून जो पडेल तो मेला. चाल करावयास वेळही मोजका असतो: तीस माणसांमागें एक मिनिट व दर तोफेस एक मिनिट. एकशेंदहा माणसें आणि तीन तोफा असल्यास सात मिनिटें पुरेत असें त्यांनीं उदाहरण दिलें आहे. हिशेब करून पाहिला तर सहा मिनिटें चाळीस सेकंद येतात. वरचीं वीस सेकंदें त्यांनीं उदारपणानें सोडलेलीं दिसतात. या घाईमुळें खेळांत रंग भरतो हें खरें, पण चुकाही तिच्याच पोटीं जन्म घेतात.

पहिला वाद अगदीं पहिल्या दिवशींच निघाला. घोडेस्वाराची बैठक सुमारें दोन इंच लांब आहे. थोरला सुतळीचें टोंक घोड्याच्या पुढच्या पायांशीं धरी, दोन फूट ताणी, आणि घोडा उचलून सुतळीच्या दुसऱ्या टोंकाच्या पलीकडे ठेवी. म्हणजे घोड्याची शेपटी टोंकाला लागे. एका चालींत दोन इंच फुकट. दहा चालींत वीस इंच, म्हणजे जवळजवळ एक अख्खी चाल पदरांत! त्याच्या मनांत लबाडी नव्हती. पुस्तकांत ‘दोन फूट’ एवढेंच आहे, कोठून कोठें हें नाहीं, असें त्याचें म्हणणें. येथें निवाडा सोपा होता. पाणिनीनें अपादानाची व्याख्या करतांना त्यास ध्रुव म्हटलें आहे. वियोग होतांना जें स्थिर राहतें, तेथूनच अंतर धरावयाचें. आरंभीं पुढचा पाय धरला असेल तर शेवटींही पुढचाच पाय धरला पाहिजे. धाकटीनें हें व्याकरण ऐकलें नाहीं. तिनें आपली वही सुतळीशेजारीं सरकवून दाखविली आणि थोरला मुकाट्यानें दोन इंच मागें आला.

हाच प्रश्न आजच्या काळच्या मोठ्या खेळांतही सुटलेला नाहीं, हें मला थोरल्याकडूनच कळलें. इंग्लंडांत निघालेला ‘वॉरहॅमर’ नांवाचा एक खेळ १९८३ पासून चालू आहे, आणि त्याची भविष्यकाळांतल्या युद्धाची शाखा १९८७ पासून. तिच्या २०१७ च्या नियमांत एक शहाणपणाची तरतूद केली होती: शिपायाच्या बैठकीचा कोणताही भाग ठरल्या अंतरापेक्षां अधिक हलतां कामा नये. यांतील मर्म समजावयास एक लांबट रणगाडा डोळ्यांपुढें आणावा. त्याची लांबी सहा इंच आणि रुंदी तीन इंच आहे, आणि तो शत्रूकडे कूस करून उभा आहे असें समजा. मध्यबिंदूभोंवतीं त्याला नुसतें फिरविलें तर मध्य तसूभरही हलत नाहीं. पण पूर्वीं शत्रूच्या बाजूस दीड इंच असलेलें त्याचें अंग आतां तीन इंच पुढें येतें. दीड इंच जमीन न चालतां मिळाली! ‘कोणताही भाग’ या दोन शब्दांनीं ही पळवाट बुजते, पण मग प्रत्येक कोपऱ्याची वाट मोजीत बसावें लागतें. म्हणून २०२४ च्या सुधारणेंत अशा वाहनांच्या वळण्याला ठरावीक इंचांची किंमत लावून ती चालींतून वजा करण्याची रीत घातली गेली. वेल्स यांनीं शंभर वर्षांपूर्वीं तोफेपुरतें याचें उत्तर देऊन ठेवलें होतें, हें विशेष: नेम धरतांना तोफ फिरवावयाची ती चाकांच्या आंसाच्या मध्याभोंवतीं.

वळणाचाच आणखी एक पेच मला गणिताचा शिक्षक म्हणून फार आवडला. जे खेळ रांगांनीं खेळतात त्यांत आठ इंच रुंदीची पायदळाची रांग एका टोंकावर काटकोनांत वळवावयाची आहे, आणि तिला चालावयास बारा इंच आहेत. बाहेरच्या टोंकाचा शिपाई वर्तुळाच्या चतुर्थांशावरून जातो. तें अंतर सुमारें १२.५७ इंच. पण आरंभापासून शेवटपर्यंत सरळ पट्टी धरली तर ज्या भरते ११.३१ इंच. एका अर्थानें वळण पुरें होतें, दुसऱ्या अर्थानें होत नाहीं, आणि नियमांतले बारा इंच नेमके या दोहोंच्या मध्यें! सरळ पट्टी धरणें सोयीचें म्हणून तसें मोजणारेही खेळाडू आहेत. मला विचाराल तर शिपाई हवेंतून उडत नाहीं. तो ज्या वाटेनें गेला ती वाट मोजावी.

हा सगळा खटाटोप पोरखेळासाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. त्यांस प्रशियाची गोष्ट सांगितली पाहिजे. बॅरन फॉन राइसविट्झ यांनीं १८१२ सालीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास एक युद्धाचें टेबल नजर केलें. भूप्रदेशाचे तुकडे जुळवून त्यावर रण मांडतां येई. त्यांचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें खेळ टेबलावरून खऱ्या नकाशावर आणला आणि १८२४ सालीं त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. नकाशाचें प्रमाण १ : ८०००, आणि एक चाल म्हणजे प्रत्यक्ष युद्धांतलीं दोन मिनिटें. शिपाई मिनिटास शंभर पावलें चालतो व पाऊल पाऊण मीटरचें आहे असें धरलें, तर दोन मिनिटांत दीडशें मीटर होतात, म्हणजे नकाशावर दोन सेंटिमीटरांहून थोडें कमी. इतक्या बारीक मोजणीचा हा खेळ पाहून सेनापति म्यूफ्लिंग, जे आरंभीं फारसे उत्सुक नव्हते, ते शेवटीं हा खेळ नसून युद्धाचें शिक्षण आहे असें उद्‌गारले, असें सांगतात. आणि त्यांच्या शिफारशीनें तो सैन्यांत पसरला. बिचाऱ्या धाकट्या राइसविट्झच्या वांट्याला मात्र सुख आलें नाहीं. १८२७ सालीं त्यानें आत्महत्या केली.

या खेळांत दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचास लिहून देत, आणि पंच सैन्य हलवी. पुढें नियमांचीं कोष्टकें वाढत गेलीं आणि डाव रखडूं लागले. तेव्हां १८७६ सालीं फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानें निराळाच मार्ग काढला: कोष्टकें नकोत, फांसे नकोत, अनुभवी पंचानें परिस्थिति पाहून सांगावें तेंच प्रमाण. तेव्हांपासून रणक्रीडेंत दोन पंथ झाले, एक अक्षराचा आणि एक पंचाच्या विवेकाचा. दुसरा पंथ ऐकावयास गोड लागतो. परंतु तेथें पंचाच्या जागीं युद्धांत मुरलेला माणूस असतो. आमच्या माजघरांत त्या जागीं मी होतों.

आतां त्या तोफेकडे येतों. वेल्स यांचा नियम असा: आपल्या पक्षाचीं निदान चार माणसें तोफेपासून सहा इंचांच्या आंत असतील तरच ती तोफ हलवितां अथवा डागतां येते. हलविली तर तिच्याबरोबरचीं निदान चार माणसें नव्या ठिकाणीं तिच्यासह गेलीं पाहिजेत. चारही घोडेस्वार असतील तर तोफ दोन फूट जाईल. एक जरी पायदळाचा असला तर एकच फूट. धाकटीच्या तोफेजवळ तीन घोडेस्वार सहा इंचांच्या आंत होते आणि चौथा सात इंचांवर होता. थोरल्याचें पायदळ पुढच्याच चालींत तोफेवर पडणार हें तिला स्पष्ट दिसत होतें. तिनें चौथा स्वार एक इंच जवळ आणला, चार झाले असें म्हटलें, आणि चौघांसह तोफ दीड फूट मागें घेतली.

थोरल्यानें हरकत घेतली. चाल सुरू झाली तेव्हां तोफेजवळ तीनच माणसें होतीं; म्हणून या चालीपुरती ती तोफ मेलेली; चौथा माणूस आतां आला तर ती पुढच्या चालीला जिवंत होईल. युक्तिवाद सुबक होता. मलाही तो पटला, कारण मला लगेच अधिकाराचा सिद्धांत आठवला: कर्माच्या आरंभीं ज्याला अधिकार नाहीं त्याच्या हातून तें कर्म घडत नाहीं. मीं तोफ जागेवर परत ठेवविली. पुढच्या चालींत ती थोरल्यानें घेतली.

“आजोबा, घोडा दोन फूट जातो ना? मग माझा चौथा घोडा किती गेला तें मोजा कीं!” एवढेंच ती म्हणाली. मीं मोजलें नाहीं. निवाडा दिल्यावर पंचानें मोजूं नये असें मला तेव्हां वाटलें. ती उठून गेली. रात्रीं वाढतांना सूनबाई हलक्या आवाजांत म्हणाली कीं मुलगी जेवत नाहीं, आणि आजोबा मोठ्याचेंच ऐकतात असें म्हणते. हें वाक्य मला लागलें. चाळीस मुलांच्या वर्गांत ‘मास्तर हुशार मुलांचेंच ऐकतात’ हा आरोप मीं पूर्वीं ऐकला होता, आणि तो नेहमींच खोटा होता असें मी छातीवर हात ठेवून सांगूं शकत नाहीं.

दुसऱ्या रात्रीं सगळीं निजल्यावर मीं तें पुस्तक पुनः काढलें. माझें इंग्रजी मॅट्रिकचें. कोश जवळ घेऊन तोफेचा परिच्छेद शब्दशः वाचला. पहिली गोष्ट ही आढळली कीं, माणसें सहा इंचांच्या आंत ‘असतील तर’ एवढेंच तेथें आहे. ‘चालीच्या आरंभीं’ हा शब्द तेथें नाहीं, तो मीं घातला होता. वाक्य अपुरें असेल तरच बाहेरचा शब्द अध्याहृत घ्यावा, हें मी मुलांस जन्मभर शिकवीत आलों. हें वाक्य तर अपुरें नव्हतें. दुसरी गोष्ट, तोफ किती जाईल तें तिच्याबरोबरच्या माणसांवर ठरतें, असें ग्रंथकारानें स्वतःच म्हटलें आहे. म्हणजे तोफेची मर्यादा माणसांच्या पायांत आहे. चौथा घोडा एक इंच आला आणि तोफेबरोबर अठरा इंच गेला, मिळून एकोणीस. त्याला चोवीसांची मुभा होती. थोरल्याची भीति अशी कीं, याप्रमाणें स्वार दोन फूट दौडत येतील आणि आणखी दोन फूट तोफ नेतील; पण दोन फूट दौडलेल्या स्वाराचे पाय संपलेले असल्यामुळें तोफ त्याच्याबरोबर हलणारच नाहीं. नियमाचा हेतु त्याच्या शब्दांनींच सुरक्षित राहतो. आणि अधिकाराचा सिद्धांत? तो खरा, मीं लावला चुकीचा. अधिकार पाहावयाचा तो ज्या कर्माचा, त्याच्या आरंभीं. सबंध चाल हें एक कर्म नव्हे. तोफ हलविणें हें कर्म, आणि तें धाकटीनें तोफेला हात लावला तेव्हां सुरू झालें. त्या क्षणीं चार माणसें होतीं.

काशींतील महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट यांच्या ‘परिभाषेन्दुशेखरां’त पहिलीच परिभाषा अशा आशयाची आहे कीं, नियमांत संशय निघाला म्हणून नियम निकामी होत नाहीं, त्याचा नेमका अर्थ व्याख्यानावरून ठरवावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकविणारे कीलहॉर्न यांनीं हा ग्रंथ १८६८ ते १८७४ या काळांत संपादून इंग्रजींत आणला. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या परिभाषेंत, अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्र झाल्याचा आनंद होतो, अशी थट्टा आहे. वेल्स यांनींही पुष्कळ मात्रा वांचविल्या. त्यांचा हिशेब मग माजघरांत चुकता करावा लागतो.

वॉरहॅमरच्या पुस्तकांत असे तंटे मिटविण्याचा एक सोपा उपाय सांगितलेला आहे: एकमत होत नसेल तर फांसा टाका आणि पुढें चला. मीमांसकही दोन समबल विधींचा विरोध आल्यास, तांदूळ घ्यावा अथवा जव घ्यावा, असा विकल्प मान्य करतात. पण विकल्पाला त्यांनीं आठ दोष लावून ठेवले आहेत. म्हणजे दुसरा कोणताच मार्ग नसेल तेव्हांच त्याकडे जावयाचें. कित्येक वेळां फांसा ही आळशी पंचाची सोय होते. तथापि त्या दिवशीं मीं निवाड्याऐवजीं फांसा टाकला असता, तर धाकटी निदान जेवली असती, हें कबूल केलें पाहिजे.

सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांदेखत मीं सांगितलें कीं माझा निवाडा चुकला. थोरल्याचा चेहरा उतरला, कारण तोफ त्यानें घेतली होती ती माझ्या हुकुमानें, चोरून नव्हे. मी त्याला तसें स्पष्ट म्हणालों. धाकटी कांहीं बोलली नाहीं. तिनें वही आणली, माझ्यापुढें ठेवली आणि म्हणाली, “लिहून द्या.” मीं लिहिलें, तारीख घातली, सही केली. थोरल्यानें त्या चालीच्या आधीं मोबाइलवर रणांगणाचा फोटो काढून ठेवला होता; त्यावरून त्यानें स्वतःच एकेक शिपाई जागेवर मांडला, आणि चौथा स्वार सात इंचांवर आहे कीं नाहीं तें धाकटीकडून मोजवून घेतलें. डाव तेथून पुनः सुरू झाला. तिची तोफ दीड फूट मागें गेली आणि वांचली. तिसऱ्या प्रहरीं थोरल्यानें तोच लेखी नियम आपल्या तोफेस लावला, पांच इंचांवरून स्वार आणून तोफ उजव्या बगलेवर नेली, आणि डाव जिंकला. हरल्यावर तिनें वही उघडून पाहिली. हरकत घेतली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं रणांगण माजघरांतून जिन्यावर नेलें. आतां प्रश्न असा आहे कीं, स्वार पायऱ्या उतरतो तेव्हां सुतळी पायरीपायरीवरून दुमडीत न्यावयाची कीं वरच्या पायरीपासून खालीं सरळ ताणावयाची. वाट मोजावी, असें मीं रांगेच्या वळणाविषयीं म्हटलेलें थोरल्याच्या लक्षांत आहे. घोडा पायऱ्या मोजीत उतरत नाहीं, उडी घेतो, असें धाकटी म्हणते. मीं दोन दिवसांची मुदत मागितली आहे, आणि तोंवर सुतळी जिन्यावर तशीच पडली असल्यानें सूनबाईनें वर जातांना जपून पाय टाका म्हणून सर्वांस बजावलें आहे.